मदत हवी आहे: अलास्कात .४५-७० ची लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यावी का?

उत्तरायण

नमस्कार. मी गेल्या वर्षीपासून अलास्कातील सोल्डोट्ना या गावी राहतो. येथील एका दुकानात मार्लिन १८९५ एसबीएल ही .४५-७० काडतुसाची लिव्हर-ॲक्शन (चापाजवळची दांडी पुढेमागे करून काडतूस भरण्याची) रायफल आली आहे. पोलाद स्टेनलेस आहे, नळी एकोणीस इंची आहे आणि दस्ता लॅमिनेटेड लाकडाचा आहे. किंमत पंधराशे डॉलरच्या घरात असून दुकानदाराने ती शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. हीच घ्यावी, हेन्री कंपनीची घ्यावी, की विंचेस्टर १८८६ या रायफलीसाठी थांबावे, एवढेच मला ठरवायचे आहे. गेल्या जुलैत जे घडले ते पुन्हा घडायला नको. अस्वलांपासून सावध कसे राहावे, याची सर्वसाधारण माहिती कृपया देऊ नये, कारण ती मी वाचली आहे.

मोंटानावासी

गेल्या जुलैत काय घडले हेच तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणी प्रामाणिक उत्तर देऊ शकणार नाही. रायफल शिकारीसाठी हवी आहे की केवळ संरक्षणासाठी? यापूर्वी कोणती चालवली आहे? माझे मत विचाराल तर .३०-०६ काडतुसाची साधी बोल्ट-ॲक्शन (हाताने खटका मागेपुढे ओढण्याची) रायफल घ्यावी आणि तीत २२० ग्रेनची, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमची, गोळी वापरावी. काडतुसे प्रत्येक दुकानात मिळतात, धक्का खांद्याला सोसवतो, आणि पुढेमागे मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेलात तर दोनशे यार्डांवर नेम धरताना हिशेब करत बसावे लागत नाही.

तिसरी_नळी

मोंटानावासी यांच्याशी मी सहमत नाही. .४५-७० हे अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलेले काडतूस आहे. त्यात .४५ बोअरची ४०५ ग्रेन वजनाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू असे, म्हणून हे नाव पडले. त्या काळच्या कमी मजबूत ट्रॅपडोअर बंदुकांचा विचार करून आजही काही कारखाने सौम्य काडतुसेच भरतात, आणि ती वापरून लोक या बोअरला नावे ठेवतात. मात्र मार्लिन १८९५ सारख्या मजबूत रायफलीत ४३० ग्रेनची, कठीण मिश्रधातूची, सपाट तोंडाची गोळी सुमारे १,९०० फूट प्रति सेकंद वेगाने जाते. ती गोळी जवळजवळ २८ ग्रॅमची असते आणि हाडाला लागूनही आत शिरत राहते. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक टेकलेली असतात, म्हणून टोकदार कठीण गोळी त्यात कधीही भरू नये, तिच्या टोकाने पुढचे काडतूस उडू शकते. रुगर या बंदूक कंपनीने २०२० साली मार्लिन विकत घेतली आणि २०२१ च्या अखेरीस १८९५ पुन्हा बाजारात आणली. दुकानदाराने बाजूला ठेवली असेल तर शनिवारची वाट पाहू नका.

कणकवलीकर

धागाकर्त्यांनी विचारलेले नाही, तरी भारतात परतण्याचा विचार असेल तर आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरी आजोबांपासून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे. नळीत दारू, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे, आणि वरून गजाने ठासायचे, असा तिचा क्रम आहे. रानडुकरांनी भात तुडवले की ती बाहेर निघते, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. एवढ्या साध्या बंदुकीच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी वडिलांनी किती फेऱ्या मारल्या, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. तुमच्या रायफलीला तर भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील परवाना लागेल. तेव्हा पंधराशे डॉलर घालण्यापूर्वी परतताना तिचे काय करणार, हे ठरवून ठेवा.

उत्तरायण

भारतात परतण्याचा प्रश्न आज नाही. संरक्षणासाठीच हवी आहे, शिकार करायची नाही. जुलैत मी येथल्याच रशियन नदीवर सॉकाय साल्मन मासे पकडायला गेलो होतो. सकाळी सहाच्या सुमारास पाण्याच्या कडेला वाकून मासा कापत असताना मागच्या अल्डरच्या झुडपांतून तपकिरी अस्वलाची मादी दोन पिल्लांसह बाहेर आली. अंतर फार तर पंधरा पावलांचे होते. तिने दोनदा जबडा वाजवला, ते खटखट आवाज मला अजूनही ऐकू येतात. अस्वलाला पळवायच्या मिरचीच्या स्प्रेचा डबा पाठीवरच्या पिशवीत होता आणि हात माशाच्या रक्ताने बुळबुळीत झाले होते. मी मासे तिथेच टाकून मागे सरकलो आणि ती माशांकडे वळली, म्हणून वाचलो. रायफलींपैकी मित्राची लहान बोअरची .२२ दोन वेळा चालवली आहे. आता कृपया मार्लिन की हेन्री, ते सांगावे.

मोंटानावासी

दोन वेळा .२२ चालवलेल्या माणसाला तिसरी_नळी ४३० ग्रेनचे काडतूस सुचवत आहेत, याचे मला वाईट वाटते. सव्वातीन किलोच्या रायफलीतून असे काडतूस उडवल्यावर बसणारा धक्का .३०-०६ च्या दुपटीहून अधिक असतो. दहाव्या गोळीनंतर नवखा माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. दुसरा धोका लिव्हरचा आहे. ती पूर्ण पुढे जाऊन पूर्ण मागे यायला हवी. घाईत हात अर्ध्यावरून परत फिरला तर रिकामे टरफल अडकते किंवा पुढचे काडतूस वर येतच नाही, आणि घाबरलेल्या माणसाचा हात नेमका अर्ध्यावरूनच परत फिरतो.

तिसरी_नळी

त्यावर उपाय सराव हाच आहे, बोअर लहान करणे हा नव्हे. सौम्य ४०५ ग्रेनच्या काडतुसांनी सुरुवात करावी आणि दोनशे गोळ्या झाल्यावर जड काडतुसांकडे जावे. बोल्टपेक्षा लिव्हर खांद्यावरून न उतरवता लवकर चालते, हे मोंटानावासी यांनाही मान्य व्हावे.

दवबिंदू

मी होमरमध्ये चौदा वर्षे राहते आणि दर उन्हाळ्यात नदीवर असते. उत्तरायण, मला तुमच्या लिहिण्यात रायफलीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. तुमचा डबा पाठीवरच्या पिशवीत होता. रायफल असती तर तीही वीस पावलांवर झाडाला टेकवलेली असती, कारण वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालून, गळ हातात धरून आणि मासा कापताना कोणी रायफल खांद्यावर ठेवत नाही. थॉमस स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील १९८५ ते २००६ मधील स्प्रेच्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांवर स्प्रे मारल्यावर ९२ टक्के वेळा त्यांचे नको असलेले वागणे थांबले, आणि जवळच्या गाठीभेटीत स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही.

बचावासाठी अस्वल मारले तर पुढे काय करावे लागते, तेही लक्षात घ्या. त्याचे कातडे आणि कवटी काढून राज्याच्या वन्यजीव विभागाकडे जमा करावी लागते आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. अस्वल तुम्हीच डिवचले असेल, किंवा नीट न टाकलेल्या कचऱ्यामुळे ते आले असेल, तर बचावाचा दावा टिकत नाही. माशांचे सांगाडे बारीक तुकडे करून वेगाच्या पाण्यात टाकायचे असतात, ते यासाठीच.

आणि एक विचारायचे राहिले. तुम्ही अमेरिकेत कोणत्या व्हिसावर आहात?

तिसरी_नळी

त्या अभ्यासातील अनेक अस्वले हल्ला करत नव्हती, नुसती कुतूहलाने किंवा खाण्याच्या शोधात आली होती. शिवाय वारा उलटा असेल तर स्प्रे स्वतःच्याच डोळ्यांत जातो.

दवबिंदू

कुतूहलाबद्दलचा तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तो मी मान्य करते. वाऱ्याने मात्र त्या घटनांपैकी ७ टक्क्यांतच अडथळा आणला होता, आणि तेव्हाही स्प्रे अस्वलापर्यंत पोहोचला होता. त्याच अभ्यासकांनी २०१२ साली बंदुकींच्या २६९ घटनांचाही अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक जवळ असूनही ती न चालवलेल्या आणि चालवलेल्या लोकांच्या इजांमध्ये त्यांना फरक आढळला नाही.

उत्तरायण

व्हिसाचा येथे काय संबंध आहे ते समजले नाही. मी नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे, पत्नी माझ्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर आहे. ग्रीन कार्डासाठी कंपनीची प्रक्रिया सुरू आहे. अलास्कात रायफलीसाठी राज्याचा परवाना लागत नाही, असे दुकानदारानेच सांगितले.

करारनामा

मी या विषयात काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. राज्याचा परवाना लागत नाही हे खरे आहे, पण संघराज्याचा कायदा वेगळा आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास त्या कायद्याने मनाई आहे, आणि एच-१बी व एच-४ दोन्ही त्यात येतात. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा वैध, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना जवळ असेल तर अपवाद मिळतो. खरेदीच्या वेळी भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जात याविषयी थेट प्रश्न विचारलेला असतो. तेथे चुकीचे उत्तर देणे हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे आणि त्याने तुमचे ग्रीन कार्डही धोक्यात येईल. मनाई केवळ विकत घेण्याला नाही, ताब्याला आहे. त्यामुळे तुम्ही मित्राची .२२ चालवलीत तेव्हा असा परवाना नसेल, तर तेही टाळायला हवे होते. तुम्ही स्वतःसाठी परवाना काढलात तरी घरी एकट्या असलेल्या वहिनींनी ती रायफल हाताळली तर तुमचा परवाना त्यांच्या उपयोगी पडणार नाही. शनिवारपूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या.

मोंटानावासी

हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला हवा होता. बोअरवरून वाद घालण्यात माझे भान सुटले.

उत्तरायण

उशिरा उत्तर देत असल्याबद्दल क्षमस्व. शुक्रवारी वकिलांशी बोललो आणि त्यांनी करारनामा यांचे म्हणणे तंतोतंत खरे असल्याचे सांगितले. शनिवारी दुकानात गेलो, रायफल हातात न घेताच माझी स्थिती सांगितली, आणि दुकानदाराने काही न बोलता ती पुन्हा भिंतीवरच्या मांडणीत लावली. मला आधी राग आला होता तो दवबिंदू यांच्या प्रश्नाचा, आणि त्याच प्रश्नाने मला वाचवले. ताई, मनापासून आभार.

येताना स्प्रेचे दोन डबे, छातीवर बांधायचे दोन पट्टे आणि सरावासाठीचा मिरची नसलेला एक डबा आणला. रविवारी अंगणात पत्नीने कचऱ्याचा रिकामा पिंप दोरीने माझ्याकडे ओढला आणि मी ओले हातमोजे घालून डबा काढला. पहिल्या वेळी अंगठा सुरक्षा-क्लिपवरून घसरला आणि पिंप पायाला येऊन लागले. चौथ्या वेळी जमले. मग आम्ही जागा बदलल्या, आणि पत्नीला ते दुसऱ्याच खेपेला जमले.

साल्मनची दुसरी झुंड जुलैच्या मध्यापासून येते, तोपर्यंत रोज संध्याकाळी हा सराव करणार आहोत. आता एकच विचारायचे आहे. माझा पट्टा वेडरच्या खांद्यावरच्या बंदांत अडकतो आणि डबा बगलेकडे सरकतो. तो बंदांच्या आतून घ्यावा की वरून?

दवबिंदू

वरून घ्या, आणि पाठीमागचा बंद दोन बोटे जाईल इतकाच सैल ठेवा. डब्याचे तोंड उजव्या हाताला वळवून बांधा, म्हणजे गळ डाव्या हातात असतानाही तो काढता येईल.