चॅप्लिनचा 'द इमिग्रंट': जहाजावरून उतरल्यावर सिनेमा ढेपाळतो का?

उंबरठा:
परवा सोसायटीच्या गणपतीत पोरांसाठी पडद्यावर चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' लावला होता. 1917 चा मूकपट, वीस-पंचवीस मिनिटांचा. बघितला नसेल त्यांच्यासाठी: गरीब माणसांनी खच्चून भरलेलं जहाज अमेरिकेला चाललंय, त्यात चार्ली, त्यात नायिका एडना पर्व्हियन्स आणि तिची आई. निम्मा सिनेमा जहाजावर, निम्मा एका हॉटेलात. पोरं लोळून हसली, चार्ली अधिकाऱ्याला लाथ घालतो तो सीन तीनदा मागे घेऊन बघितला. पण मला सारखं वाटत राहिलं की चॅप्लिननं इथे पळ काढलाय. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी दिसतो, सगळे हरखून बघतायत आणि तेवढ्यात अधिकारी येऊन दोरखंड लावून त्यांना गुरांसारखं मागे रेटतात, चार्ली परत एकदा त्या पुतळ्याकडे तिरका बघतो. यावरच अख्खा सिनेमा व्हायला हवा होता. मग काय होतं? चार्ली रस्त्यावर, कडकी, आणि पुढे बिल कसं भरायचं याचीच भंकस. काम कुठे शोधलं, राहिला कुठे, भाषा कशी जमली, काही म्हणजे काही नाही.

चकली_मास्तर:
उलटं आहे हो. हॉटेलचा भाग आधी शूट झालाय. सुरुवातीला गोष्ट कलाकारांच्या कॅफेतली होती, जहाजबिहाज काही नव्हतंच, आणि त्या दांडगट वेटरचं काम आधी हेन्री बर्गमनला दिलं होतं, ते जमेना म्हणून एरिक कॅम्पबेलला उभा केला. शूट करता करता प्रश्न पडला की चार्ली आणि एडना एवढी फाटकी का आणि एकमेकांना ओळखतात कशी, त्याचं उत्तर म्हणून जहाज आलं. 1983 च्या 'अननोन चॅप्लिन' या डॉक्युमेंटरीत न वापरलेल्या रिळांसकट हे सगळं दाखवलंय, जरूर बघा.

उंबरठा:
मग माझंच म्हणणं खरं झालं की! जहाज हे ठिगळ आहे.

निळीशाई:
गोधडी ठिगळांचीच असते. ते जाऊ दे, तुम्ही त्या हॉटेलला भंकस म्हणालात त्यावर भांडायचंय मला. चार्लीला रस्त्यात नाणं सापडतं, तो ते खिशात टाकतो, खिसा फाटका, नाणं खाली, याला पत्ताच नाही. आत जाऊन ऐटीत बीन्स मागवतो. वेटर टोपी काढायला लावतो, हा परत घालतो, परत काढायला लावतो. शेजारच्या गिऱ्हाइकाला दहा सेंट कमी पडले म्हणून सगळे वेटर मिळून तुडवतात आणि मग हा आपला खिसा चाचपतो. तिथे एक भणंग माणूस आत येतो, याचंच बाहेर पडलेलं नाणं देऊन खातो, ते वेटरच्या खिशातून गळतं, चार्ली त्यावर पाय ठेवतो. एवढ्या लटपटीनंतर वेटर ते दातांनी चावतो तर नाणं वाकतं. खोटं! नवीन देशात उभं राहणं म्हणजे अजून काय दाखवायचं होतं? तिथला प्रत्येक नियम मार खाता खाता कळतो, हेच तर दाखवलंय.

तिरकस:
थांबा थांबा. 1916 च्या म्युच्युअल या फिल्म कंपनीच्या करारानं हा गडी आठवड्याला 10,000 डॉलर घेत होता. त्यानं दहा सेंटची कडकी करायची आणि आपण 'वा काय वेदना' म्हणायचं? आणि तो काही असल्या जहाजातून डेकवर लोळत आलेला नाही, 1910 ला कार्नोच्या नाटकमंडळीबरोबर क्वेबेकमार्गे दौऱ्यावर आला होता.

चकली_मास्तर:
दौऱ्यावर आला हे मान्य. पण सात वर्षांचा असताना आई आणि भावाबरोबर लंडनच्या लॅम्बेथच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या कोंडवाड्यात, राहिलेला पोरगा आहे तो. पगार वाढला म्हणून भूक विसरतो का कुणी?

फ्रँकफुर्टी:
मी एरवी नुसता वाचत असतो पण आता लिहितोच. 2014 साली जर्मनीत आलो, पहिलाच महिना, बायकोला म्हटलं चल आज बाहेर जेवू. एका छोट्या हॉटेलात बसलो, पाणी मागितलं, आपल्याला काय माहीत पाण्याचे पण पैसे लागतात, आणि ती बाई दुसरी बाटली ठेवून गेली तरी आम्ही खुशीत. बिल आलं 23 युरोच्या वर. कार्ड काढलं तर तिनं मान हलवली, फक्त कॅश. खिशात वीसची एक नोट. मग बायकोनं पर्स पालथी करून नाणी टेबलावर मांडली, दहा-दहा सेंटची चवड लावून मोजतोय आम्ही दोघं आणि ती बाई बाजूला हाताची घडी घालून उभी. मारलं नाही हो कुणी, पण घाम तोच. पुढे कधीतरी हा सिनेमा बघितला तेव्हा बायको त्या वेटरला बघून अशी हसली की शेवटी रडायलाच लागली. उंबरठाराव, नोकरी, व्हिसा, भाषेचा क्लास हे सगळं कागदावर होतं माझं. आठवतं काय, तर ती चवड.

उंबरठा:
तुमचा किस्सा भारी आहे, पण तुम्हाला परत जायचं तिकीट काढता आलं असतं. डेकवरच्या त्या माणसांना नाही.

तिरकस:
आणि आपल्याला तर ते डेकसुद्धा नाही. फेब्रुवारी 1917 मध्ये, म्हणजे सिनेमा यायच्या चारच महिने आधी, अमेरिकेनं इमिग्रेशनचा नवा कायदा केला, राष्ट्राध्यक्ष विल्सनचा व्हेटो झुगारून. सोळाच्या पुढच्या माणसाला वाचता यायला हवं ही अट, आणि हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या लोकांना दार बंद. 1946 ला उघडलं ते पण वर्षाला शंभर माणसं! चॅप्लिनच्या जहाजावर एक तरी मराठी माणूस शोधून दाखवा. या कायद्याची सिनेमात साधी खूण नाही.

निळीशाई:
कायदा पडद्यावर कसा दाखवणार, पाटी लावून? दोरखंड दाखवला ना. आणि त्या अधिकाऱ्याच्या ढुंगणावर लाथ. त्या सालात ही कमी नाही.

चकली_मास्तर:
लाथेवरून आठवलं, 1952 मध्ये चॅप्लिन लंडनला निघाला आणि मागे अमेरिकेनं त्याचं परत यायचं परमिट रद्द केलं, त्याचं खापर लोक या लाथेवर फोडतात. एवढं सोपं नव्हतं ते, त्याची राजकीय मतं आणि खासगी भानगडी दोन्ही डोळ्यांत सलत होत्या.

निळीशाई:
शेवट मात्र मला पण खटकतो बरं का. एडनाच्या हातात काळ्या काठाचा रुमाल, म्हणजे आई गेलेली, आणि दोन मिनिटांत तिला पावसात उचलून लग्नाच्या ऑफिसात? विचारा तरी तिला.

फ्रँकफुर्टी:
हसत असते की ती.

निळीशाई:
पाय झाडत पण असते.

उंबरठा:
चला, नाण्याचं मान्य करतो. तेच नाणं फिरून येतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, परत बघितलं आत्ता. पण दोरखंडानंतर थेट कडकी, मधलं सगळं गायब, हे मी सोडणार नाही. आणि तिरकसराव, तुम्ही स्वतः हसलात की नाही ते सांगा आधी.

तिरकस:
माशाला हसलो. कठड्यावरून ओणवा, पाय उडवतोय, वाटतं ओकतोय, आणि वळतो तर हातात मासा. तेवढंच.