टॅमॉक्सिफेन चालू असताना मायला लाल जातंय, पिशवी काढावी का?

राळेगाव तालुक्यातून विचारते आहे. माय 58 वर्षांची. छातीच्या गाठीचं ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन) सगळं झालं. गाठ हार्मोनवाली निघाली म्हणून टॅमॉक्सिफेन 20 मिग्रॅ रोज एक, पाच वर्षं घ्यायची आहे. पाळी तर त्याच्या कितीतरी आधी गेलेली.

दिवाळीपासून तिला लाल जातंय. जास्त नाही, डाग पडतात. पांढरं तर गोळी लागल्यापासूनच जायचं, पण माय बोलली नाही. कापूस वेचायला जाताना घडी घेऊन जाते हे काकूनं सांगितलं तेव्हा कळलं. गावातल्या डॉक्टरनं उष्णता म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं. तालुक्याला सोनोग्राफीत अस्तर 12 मिमी आलं, तर तिथले म्हणाले पिशवीच काढून टाका. बाबा कापसाच्या चुकाऱ्याचा हिशोब करायला लागले. मामा म्हणतो, गोळीनंच झालं, गोळी बंद करा.

काही न तपासता पिशवी काढतात का? आणि तोवर गोळीचं काय?

प्रतिसाद:
ताई, मी नर्स आहे. टॅमॉक्सिफेन छातीत इस्ट्रोजेनला अडवते, पण पिशवीत थोडी त्याच्यासारखीच वागते. त्यामुळे अस्तर जाड होणं, पॉलिप (अस्तरावरचा मांसाचा कोंब) येणं, क्वचित अस्तराचा कॅन्सरही होतो. बहुतेक वेळा साधंच निघतं, पण पाळी गेल्यावरचा एक डागही तपासावाच लागतो. या गोळीत अस्तराखाली पाण्याच्या बारीक पोकळ्या होतात, म्हणून सोनोग्राफीत जाडी फसवी दिसू शकते. अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय पिशवीचा निर्णय नको. गोळी मनानं बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच सांगा. पाळी गेलेली असल्यानं ते लेट्रोझोल या दुसऱ्या गोळीवर बदलू शकतात, त्यात कोरडेपणा आणि हाडं ठिसूळ होण्याचा त्रास असतो. ट्रॅनेक्सॅमिकबद्दल मात्र लगेच विचारा. ते रक्त गोठायला मदत करतं आणि टॅमॉक्सिफेननंही गुठळीचा धोका वाढतो. पाय सुजला, दम लागला तर थांबू नका.

प्रतिसाद:
सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवा. बाई डॉक्टर पाहिजे असं नोंदणी करतानाच सांगा, लाजू नका. माझ्या सासूचा पॉलिप दुर्बिणीनं काढला, पिशवी आहे तशीच आहे.

धागाकर्ती:
आभार. सोमवारी नेतो. उपाशी न्यावं लागेल का?

प्रतिसाद:
भूल देणार असतील तरच. जुनी फाईल, गाठीचा रिपोर्ट आणि सोनोग्राफीचा कागद सोबत घ्या, सगळ्यांची झेरॉक्सही.