गुणगुण्या, मंदगायक की आणखी काही?

रामबागकर
मंडळी, एका शब्दापायी अडलोय. आमच्या इंदूरच्या मंडळात महिन्यातून एकदा जुन्या रेकॉर्डी ऐकायची बैठक असते आणि तिच्यावर पानभर टिपण मी लिहितो. या वेळी जॉनी मॅथिसची १९५८ ची एलपी होती, 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स', बारा गाण्यांची. माझं पहिलंच वाक्य होतं, 'हा अमेरिकेतला नामांकित गुणगुण्या गायक.' अध्यक्षांनी लाल पेनानं त्याला गोल केला आणि समासात लिहिलं, 'गुणगुण्या म्हणजे डास?' आता मलाही तिथे डासच ऐकू येतोय. क्रूनरला, म्हणजे माइकजवळ हळू, मुलायम आवाजात गाणाऱ्याला, मराठीत काय म्हणावं? टिपण रविवारी द्यायचंय.

शब्दवेल्हाळ
'मंदगायक' घ्या. मंद्र सप्तकाची आठवणही होते, सुटसुटीतही आहे.

पलासियाच्या काकू
मंदगायक म्हटलं तर लोक म्हणतील बिचाऱ्याला शिकायला वेळ लागला असेल. मी त्या बैठकीला होते. त्याची आवाज इतकी मुलायम, की शेजारी बसलेल्या वहिनी डोळे मिटून ऐकून राहिल्या होत्या. (झोपल्या होत्या, पण ते सोडा.)

शब्दवेल्हाळ
काकू, 'त्याचा' आवाज. आवाज पुल्लिंगी.

पलासियाच्या काकू
पुण्यात असेल पुल्लिंगी.

सुईवाला
गुणगुणण्यात एक मूळचीच अडचण आहे. माणूस गुणगुणतो ते स्वतःशी. भाजी निवडताना, दाढी करताना. ऐकणारा असलाच तर तो चोरून ऐकतो. क्रूनर लाखो लोकांसाठी गातो, फक्त प्रत्येकाला वाटतं की माझ्याच कानात गातोय. ही करामत गळ्याची कमी आणि मायक्रोफोनची जास्त. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे, तेव्हा कुठे मेणावर रेघ उमटायची. रूडी व्हॅली हा अमेरिकन गायक तर मैफलीत हातात भोंगा धरून गायचा. माइक आला आणि बिंग क्रॉस्बीसारख्या क्रूनरला ओरडायचं कारणच उरलं नाही. तेव्हा शब्द शोधायचा तर माइकच्या बाजूनं शोधा.

शब्दवेल्हाळ
ध्वनिक्षेपकगायक?

सुईवाला
मंडपवाला वाटतो.

बडोदेकर
मी एक बोलू का? क्रून हा शब्द मुळात आपल्या 'करुण'वरून गेला असावा. ध्वनी बघा, अर्थ बघा. करुण गातो तो क्रूनर. आमचे एक मास्तर हे वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचे.

सुईवाला
मास्तरांना नमस्कार, पण नाही. हा शब्द स्कॉटलंडकडून इंग्रजीत आला आणि त्याचं नातं जुन्या डच-जर्मन बोलींतल्या विव्हळणे, कुरकुरणे अशा अर्थाच्या क्रियापदाशी लावतात. त्या हिशेबानं मराठीत सगळ्यात जवळचा शब्द 'कण्हणे'.

पलासियाच्या काकू
'अमेरिकेतला नामांकित कण्हणारा.' लिहा रामबागकर, लिहाच.

सुईवाला
हसा. पण सुरुवातीला ती शिवीच होती. १९३२ साली बॉस्टनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल यांनी क्रूनरांवर जाहीर तोंडसुख घेतलं होतं, की असलं रडकं गाणं पुरुषाला शोभत नाही. म्हणजे तुमच्या अध्यक्षांच्या डासाला परंपरा आहे.

बडोदेकर
करुण आणि कण्हणे यांत तरी कितीसं अंतर आहे? असो. आमच्या सयाजीरावांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' करवून घेतला, १९३१ साली. शब्द हवा तर असा बसून घडवायला हवा. रस्त्यावर सापडेल तो उचलायचा, हे काही बरं नाही.

रामबागकर
बडोदेकर, रविवार!

शब्दवेल्हाळ
मी बडोदेकरांच्या बाजूनं आहे. 'दिग्दर्शक' पहिल्यांदा ऐकला तेव्हाही लोक हसलेच असतील. आज कोणी हसतं? मंदगायक दहा वेळा लिहा, अकराव्या वेळी रुळेल.

सुईवाला
दिग्दर्शक रुळला कारण सिनेमे रोज निघत होते. मराठीत क्रूनरवर वर्षाला किती लेख येतात? अकरावी वेळ उजाडायची कधी?

आणि आपल्याकडे ती जागा रिकामी नव्हतीच. संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेतल्या पिटापर्यंत आवाज फेकावा लागे. मग रेडिओ आणि रेकॉर्डी आल्या, आणि तेच गाणं खाली उतरून घरात आलं. जी. एन. जोशी, गजानन वाटवे. त्याला आपण 'भावगीत' म्हणालो. गायकाला वेगळं नाव दिलंच नाही, गाण्याला दिलं. इथेच सगळी गोची आहे. इंग्रजीनं गाणाऱ्याचं नाव ठेवलं, मराठीनं गाण्याचं.

पलासियाच्या काकू
मग अरुण दाते क्रूनर झाले की! इंदूरचेच. रामूभैया दात्यांचे चिरंजीव. आमच्या सासूबाईंना त्या घरातल्या मैफलींची इतकी माहिती होती, जशी काही सतरंजी त्यांनीच अंथरली होती.

शब्दवेल्हाळ
अरुण दात्यांना क्रूनर म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या गाण्यात शब्दाला मान आहे.

सुईवाला
आणि मॅथिसच्या गाण्यात नाही? ऐकलंय का? तो मुलगा तेरा वर्षांचा असल्यापासून रीतसर गळा तयार करत होता. उंच उडीतही असा, की १९५६ मध्ये ऑलिंपिकच्या निवडचाचणीचं बोलावणं आलं, आणि त्याच सुमारास रेकॉर्डिंगचंही. त्यानं रेकॉर्डिंग निवडलं. लांब स्वर धरला की शेवटी त्याला जो बारीक कंप येतो, तो ऐकून मला दर वेळी तलत महमूद आठवतो. तलतच्या कंपालाही आधी लोक दोष समजत होते, संगीतकार अनिल विश्वासांनी तोच जपायला लावला. तर रामबागकर, 'तलतच्या जातीचा गायक' लिहा. वाचणाऱ्याला एका फटक्यात कळेल.

रामबागकर
हे बरं आहे. पण मग दुसरा खड्डा. 'ग्रेटेस्ट हिट्स'चं मी 'सर्वोत्कृष्ट गीते' केलं होतं. त्यालाही गोल आहे.

सुईवाला
अध्यक्ष इथे बरोबर आहेत. हिट म्हणजे उत्कृष्ट नव्हे. 'गाजलेली' म्हणा.

शब्दवेल्हाळ
निवडक.

सुईवाला
निवडक कोणी निवडली? कवीच्या निवडक कवितांमागे संपादक असतो, त्याची नजर असते, प्रस्तावना असते. इथे बाजारानं निवडली. ही तबकडी निघाली तीच मुळात तात्पुरती सोय म्हणून. मॅथिस दौऱ्यावर, नवी गाणी ध्वनिमुद्रित करायला सवड नाही, म्हणून कंपनीनं सुट्ट्या छोट्या रेकॉर्डींवरची गाणी एका एलपीवर गोळा केली. या नावाची चाल तिथूनच पडली असं मानतात. आणि तीच सोय अमेरिकेतल्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत ४९० आठवडे बसून राहिली. नऊ वर्षांच्या वर! तेव्हा असा संग्रह जोखताना 'उत्तम गाणी कुठली राहिली' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ही गाणी एरवी एकत्र मिळत होती का? १९५८ मध्ये नव्हती. म्हणून त्या तबकडीला अर्थ होता. नंतर ज्या तशाच निघाल्या, त्यातल्या बऱ्याच म्हणजे उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा.

पलासियाच्या काकू
कुस्कऱ्याला नाव ठेवायचं काम नाही.

बडोदेकर
'गाजलेली'त एक गंमत आहे, कोणी बघितली का? गाजणे म्हणजे मुळात गर्जणे. समुद्राची गाज म्हणतो ना आपण? जो गायक आयुष्यात एकदाही ओरडला नाही त्याची गाणी 'गर्जली' म्हणायचं. करुणपेक्षा ही व्युत्पत्ती तरी मान्य आहे का सुईवाल्यांना?

सुईवाला
ही मान्य. शंभर टक्के.

शब्दवेल्हाळ
म्हणूनच म्हणतो, निवडक. आणि 'तबकडी' की 'रेकॉर्ड', एक काहीतरी ठरवा. रामबागकरांनी तर 'रेकॉर्डी' लिहिलंय.

रामबागकर
आमच्याकडे रेकॉर्डीच म्हणतात. काका 'तवा' म्हणायचे. 'तो सैगलचा तवा लाव.' लहानपणी मला वाटायचं त्यावर खरंच काही भाजतात.

शब्दवेल्हाळ
तवा हिंदी-पंजाबीकडचा. ध्वनिमुद्रिका हा चांगला शब्द असताना...

पलासियाच्या काकू
ध्वनिमुद्रिका म्हणेपर्यंत गाणं संपतं. आणि हिंदीकडचा, हिंदीकडचा काय लावलंय? पाच पिढ्या होळकरांच्या गावात काढल्या आम्ही. सकाळी पोहे-जिलेबी खातो, दुकानात हिंदी बोलतो, घरी येऊन तुमच्याहून जास्त मराठी बोलतो. आमची आवाज स्त्रीलिंगीच राहणार.

शब्दवेल्हाळ
राग मानू नका काकू. मी व्याकरणाचं बोलत होतो.

पलासियाच्या काकू
मी पण.

रामबागकर
झालं. शेवटी असं लिहिलंय, बघा: 'तलतच्या जातीचा हा गायक हळू गातो, आणि हळू गाण्यासाठी लागणारा दम त्याच्याकडे आहे. गाजलेल्या गाण्यांचा हा संग्रह. रे कॉनिफची वाद्ययोजना आणि मागे ऊ-ऊ करणारा गायकवृंद गोड आहे, पण चाल सगळीकडे सारखीच संथ. एकेक गाणं जिलेबी, बारा एका बैठकीत म्हणजे नुसता पाक.' क्रूनर शब्द गाळून टाकला.

शब्दवेल्हाळ
म्हणजे प्रश्न सुटला नाही, पळून गेलात.

सुईवाला
'हळू गाण्यासाठी लागणारा दम' छान आहे. ते ठेवा, बाकी काही बदललं तरी.

बडोदेकर
'करुणगायक' एकदा तरी कंसात घालून बघा.

पलासियाच्या काकू
रामबागकर, एक विचारते, रागावू नका. सहा गाणी झाल्यावर चहा आला, मग ते जोशी-कुलकर्ण्यांचं भांडण झालं पंख्यावरून, मग सगळे उठले. बारा गाणी एका बैठकीत कुठे ऐकलीत? रेकॉर्ड उलटी कोणी केली?

रामबागकर
काकू, टिपण गेलंय.