स्मार्ट थर्मोस्टॅट : आधी तारा पाहाव्यात
अमेरिकेतील घरात स्मार्ट थर्मोस्टॅट (घराचे तापमान आपोआप सांभाळणारे उपकरण) स्वतः बसवावा की तंत्रज्ञाला बोलवावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर जुन्या थर्मोस्टॅटच्या मागे मिळते. ब्रेकर बंद करून झाकण काढल्यावर बारीक रंगीत तारा आणि त्यांच्याजवळ आर, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरे दिसली, तर ती बहुधा २४ व्होल्टची यंत्रणा असते व हे काम काळजीपूर्वक घरी करता येते. जाड तारा किंवा १२०, २४० व्होल्टचा उल्लेख दिसल्यास मात्र तेथेच थांबावे. त्यात जिवाला धोका आहे.

आमच्याकडे 'सी' तार, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज मिळण्यासाठी लागणारी तार, जोडलेलीच नव्हती. भिंतीत गुंडाळून ठेवलेली एक निळी तार सापडली, आणि तिचे दुसरे टोक तळघरातील फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) 'सी' स्क्रूला जोडल्यावर नव्या थर्मोस्टॅटला अखंड वीज मिळू लागली. कोणती तार कोणत्या अक्षराखाली आहे, याचा फोटो आधीच काढून ठेवावा, कारण नुसत्या रंगांवर विसंबता येत नाही. वीज चालू असताना 'आर' आणि 'सी' एकमेकींना टेकल्या, तर फर्नेसमधील फ्यूज उडतो.

आपल्याकडे हीट पंप (घर गरम आणि गार दोन्ही करणारे यंत्र) असेल, तर तंत्रज्ञालाच बोलवावे, असे मला मनापासून वाटते. त्यातील गरम-गार बदलणाऱ्या 'ओ/बी' तारेची सेटिंग चुकली, तर ऐन थंडीत गार हवा येते.