क्रीडासंस्थांनी राष्ट्रीय राजकीय वादात बाजू घ्यावी का?

पांढरी रेघ (धागाकर्ता)

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. संसदेपुढे आपले म्हणणे मांडण्यासाठी तेथील मूलनिवासी समाजाला एक सल्लागार मंडळ राज्यघटनेनेच द्यावे की नाही, हा प्रश्न होता. त्याआधी काही महिने ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, राष्ट्रीय रग्बी लीग आणि क्रिकेट ऑस्ट्रेलिया यांच्यासह अनेक प्रमुख क्रीडासंस्थांनी 'होय'च्या बाजूने उघड पाठिंबा दिला होता. प्रत्यक्षात साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'नाही' म्हटले आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला. मी तेथे मतदार असतो तर 'होय' असेच मत दिले असते. तरीही त्या संस्थांनी तो पाठिंबा द्यायला नको होता, असे माझे ठाम मत आहे.

क्रीडासंस्थेकडे जो अधिकार असतो, तो स्पर्धा भरवण्याचा, संघ निवडण्याचा, नियम लावण्याचा आणि मैदाने राखण्याचा असतो. लहान मुलाला बोट धरून मैदानावर नेणारा बाप, गुणफलक लिहिणारा स्वयंसेवक, पावसात गवत झाकणारा कामगार हे सगळे त्या संस्थेशी जोडले जातात ते खेळासाठी. राज्यघटनेतील दुरुस्तीवर आपल्या वतीने बोलण्याचे मुखत्यारपत्र त्यांनी कार्यकारिणीला दिलेले नसते. खेळाडूने व्यक्ती म्हणून खुशाल बोलावे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे; परंतु संस्थेचे नाव ही सगळ्यांची सामायिक ठेव असते.

आपल्याकडे तर हा धोका दुप्पट आहे. आपल्या बहुतेक संघटनांच्या पदांवर राजकारणीच बसलेले असतात. मैदान, परवानगी, अनुदान, बंदोबस्त या सगळ्यासाठी सरकारचे दार ठोठवावे लागते. अशा संस्थांना बाजू घेण्याची मुभा दिली, तर त्या बहुतेक वेळा सत्तेवर असणाऱ्याचीच बाजू घेतील. ऑस्ट्रेलियातील संस्थांनी निदान दुर्बळांची बाजू घेतली. येथे तेवढीही खात्री देता येणार नाही.

एक अपवाद मला मान्य आहे. प्रश्न खेळाच्याच दारात येऊन उभा राहिला असेल, तर संस्थेने बोललेच पाहिजे. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेचा संघ कातडीचा रंग पाहून निवडला जात असे. त्यामुळे १९७० नंतर तो देश सुमारे दोन दशके कसोटी क्रिकेटबाहेर राहिला, हे योग्यच झाले. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत दक्षिण आफ्रिकेशी खेळला नाही आणि चषक न खेळताच त्यांच्या हाती गेला, त्याचाही मला अभिमान वाटतो.

मरीन लाइन्स

धागाकर्त्यांची तळमळ समजते, पण त्यांनी ओढलेली रेघ प्रत्यक्षात टिकत नाही. त्यांनी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण दिलेच आहे, तर ॲडम गुड्स या मूलनिवासी फुटबॉलपटूचे काय झाले, तेही पाहायला हवे. २०१५ च्या हंगामात प्रेक्षक सामन्यामागून सामन्यात त्यांची हुर्यो उडवत होते, लीगला ठामपणे उभे राहता आले नाही आणि त्याच वर्षी गुड्स यांनी खेळ सोडला. लीगने आणि तिच्या अठराही क्लबांनी जाहीर माफी मागितली ती २०१९ साली. ज्या संस्थेने गप्प राहण्याची अशी किंमत एका माणसाला मोजायला लावली, तिने २०२३ मध्ये बोलायचे ठरवले, यात मला आगाऊपणा दिसत नाही.

आता मुंबईकडे वळू. येथील क्रिकेट स्पर्धा धर्मवार संघांची होती: १९१२ पासून युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चौरंगी सामने होत, आणि १९३७ पासून 'इतर' हा पाचवा संघ येऊन ते पंचरंगी झाले. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती म्हणून त्या 'इतर' संघातून खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या, इतका त्या क्रिकेटचा कस होता. डिसेंबर १९४० मध्ये, हिंदू संघ उतरवणारा क्लब असलेल्या हिंदू जिमखान्याच्या लोकांनी वर्ध्याला जाऊन गांधीजींचा सल्ला विचारला. युद्ध सुरू होते, नेते तुरुंगात होते; अशा वेळी हे सामने नकोत आणि धर्मावर आधारलेले संघ तर मुळातच नकोत, असे गांधीजींनी सांगितले. जिमखान्याने सभासदांचे मतदान घेऊन त्या वर्षी माघार घेतली. एका क्रीडासंस्थेने देशातील सर्वांत मोठ्या राजकीय वादात घेतलेली ती उघड बाजू होती. ती चूक होती काय?

मॅटवरचा माणूस

मी एका तालुक्याच्या गावातील कबड्डी मंडळाचे काम बरीच वर्षे पाहतो आहे आणि माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. काही वर्षांपूर्वी देशभर गाजत असलेल्या एका कायद्याला मंडळाने पाठिंबा द्यावा, असे पत्रक आमच्याकडे आले. आणणाऱ्याने आम्हाला मॅट देण्याचे आधीच कबूल केले होते. तेव्हा आमची मुले मातीत खेळत होती आणि जिल्हा स्पर्धा मॅटवर होणार होती. कार्यकारिणीने अर्ध्या तासात सह्या केल्या. त्यांत माझीही सही आहे, आणि ती मला आजही बोचते.

मॅट आल्या. निळ्या-पिवळ्या चौकोनांचे गठ्ठे टेम्पोतून उतरवायला सगळी मुले धावली, एक सोडून. त्याचे वडील त्या कायद्याच्या विरोधात मोर्चाला जाणारे होते. आमचा डावा कोपरा तोच सांभाळत असे. त्याने काहीच तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवसापासून सरावाला येणे मात्र थांबवले. मी घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईने चहा दिला आणि म्हणाली, "भाऊ, मंडळ आता तुमचं झालं." तो कायदा चांगला होता की वाईट, यात मी शिरत नाही. मंडळ गावातील सगळ्या मुलांचे होते, आणि एका सहीने आम्ही ते निम्म्यांचे केले.

पांढरी रेघ (धागाकर्ता)

मरीन लाइन्स, गुड्स यांच्याबाबत तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे, आणि ते माझ्या विरोधात जात नाही. ती हुर्यो मैदानात चालली होती, खेळाडू लीगचा होता, प्रेक्षक तिकीट काढून आलेले होते. तेथे बोलणे हे लीगचे पहिले कर्तव्य होते. तेथे चुकलेल्या संस्थेने मतपेटीच्या प्रश्नावर पत्रक काढल्याने ती चूक भरून येत नाही.

पंचरंगी सामन्यांबाबतही माझे उत्तर तेच राहील. संघ धर्मावर उभे होते, म्हणजे वाद सामन्याच्या रचनेतच होता. ती रचना मोडण्याचा अधिकार जिमखान्याचाच होता. त्याने कमी केले, असेच मी म्हणेन, कारण १९४१ साली हिंदू संघ पुन्हा मैदानात उतरला आणि ती स्पर्धा १९४५-४६ च्या हंगामापर्यंत चालली.

मरीन लाइन्स

रचनेतला वाद कोणता आणि बाहेरचा कोणता, हे त्या वेळी कोण ठरवणार, हाच माझा प्रश्न आहे. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले गोलंदाज पळवणकर बाळू पुण्यात हिंदू संघातून खेळत, तेव्हा त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई, आणि जिमखान्यातील सभ्य माणसांना तो समाजाचा प्रश्न वाटे, क्रिकेटचा वाटत नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळल्यावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून माघार घेतली, तेव्हा कोठे जिमखाना हलला आणि बाळू अंतिम सामन्यासाठी उपकर्णधार झाले. विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ मध्ये. अस्पृश्यतेचा प्रश्न तोवर राष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आला होता. जिमखान्याने 'आम्ही राजकारणात पडत नाही' असे म्हटले असते, तर तुमच्या रेघेने त्याला कोणत्या बाजूला उभे केले असते?

पांढरी रेघ (धागाकर्ता)

आत. पण आज मागे वळून पाहताना मला ते सहज म्हणता येते, त्या खोलीत बसून ते कदाचित म्हणता आले नसते, हे मान्य करतो. तेव्हा माझ्या मूळ मुद्द्यात एक दुरुस्ती करतो. वाद आतला की बाहेरचा याविषयी शंका असेल, तेथे कार्यकारिणीने परस्पर ठराव करू नये. हिंदू जिमखान्याने १९४० साली केले त्याप्रमाणे सभासदांपुढे जावे, मते मोजावीत आणि अल्पमतातील लोकांनाही उद्या याच मैदानावर यायचे आहे, हे ठरावाच्या शब्दांत दिसू द्यावे. मॅटवरचा माणूस यांच्या मंडळात त्या दिवशी सगळ्या मुलांच्या पालकांना बोलावले असते, तर तो डावा कोपरा गेला नसता, असे मला वाटते.