बंधाऱ्याला मोटरचे दरवाजे बसवायचे, तर जुनी रचना कशाला अभ्यासायची?

पंचगंगाकाठ: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरग्यांऐवजी (खांबांच्या खाचांत एकावर एक घालायच्या आडव्या फळ्या) सेन्सर आणि मोटरवर चालणारा अखंड दरवाजा. गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, २ मीटर, पाणी ३ मीटर धरलंय. सर म्हणतात, आधी या बंधाऱ्यांचा इतिहास लिहून आणा. थेट मोटर निवडायला घेतली तर काय बिघडेल?

खाच_आणि_बरगा: मोटरपासूनच बिघडेल. तुमच्या मापाच्या गाळ्यावर पाण्याचा एकूण दाब सुमारे ९ टन येतो. रबर सीलचं घर्षण ०.५ धरलं, तर अखंड दरवाजा उचलायला त्याचं वजन सोडून साडेचार टन ओढ लागेल. तेच ३० सेंमी उंचीचे बरगे केले, की सगळ्यात तळच्यावर १.७ टन दाब आणि साधारण ८५० किलो ओढ. शिवाय वरचे काढत गेलं की पातळी उतरते आणि तळचा आणखी हलका होतो. तुकडे पाडले ते याचसाठी. ज्याला तुम्ही जुनाट अडचण समजताय, तो विचारपूर्वक काढलेला मार्ग आहे.

नदीपात्र: मला मोटरपेक्षा पावसाळ्याची काळजी वाटते. बरगे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास घालतात आणि जूनच्या आत काढतात. पावसाळ्यात गाळे मोकळे असतात, म्हणून पुराबरोबर गाळ पुढे निघून जातो. दरवाजा अर्धवट उघडा राहिला तर गाळ तळाच्या उंबऱ्यावर बसतो. मग तळ टेकत नाही, आणि उन्हाळ्यात तिथूनच पाणी गळत राहतं. त्यात झाडं, बांबू, उसाचा पाला अडकला तर फुगवटा (मागे तुंबणारं पाणी) वाढतो आणि पाणी काठाचा भराव कापून बाजूने वाट काढतं. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्याच्या कितीतरी आधी बंधारा पाण्याखाली गेलेला असतो. तुमच्या मोटरचं विजेचं पॅनेल कुठल्या उंचीवर बसवणार, ते आधी सांगा.

पंचगंगाकाठ: मग राधानगरी धरणासारखे विजेशिवाय उघडणारे दरवाजे चालतील का? तिथे सात आहेत.

खाच_आणि_बरगा: कल्पना दमदार आहे आणि जुनीही. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसले. धरणाची उंची न वाढवता साठा वाढवायचा, हा त्यांचा हेतू. पण धरणाच्या दरवाज्यापुढे पाणी खाली पडायला जागा असते. बंधारा बुडाला की वरची आणि खालची पातळी जवळपास सारखी होते, आणि ज्या फरकावर असा दरवाजा हलवायचा तोच उरत नाही. म्हणून आराखडा उचलू नका. तो कुठल्या अटींवर चालतो, ते वाचा.

नदीपात्र: माझा सल्ला: बरगे ठेवा, काढण्याची पद्धत बदला. खांबांवरच्या स्लॅबवर रुळावरची ट्रॉली आणि २ टनी चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायची हातकप्पी), पावसाआधी सगळं उतरवून नेता येईल असं. बरग्याच्या दोन्ही टोकांना आकडे द्या. एका बाजूने ओढला तर तो खाचेत तिरका होऊन अडकतो. सरांना द्यायच्या टिपणात उंबऱ्याची पातळी, समोर साचलेल्या गाळाची उंची आणि खाचेची झीज प्रत्येक गाळ्याची वेगळी मोजून लिहा. जुन्या नकाशातलं माप आणि आजचं माप यांत फरक निघाला, तर नवा बरगा आजच्या मापाने करायचा. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासायचे. ओळ एकच ठेवली की गळती थांबवायचं सगळं काम रबरावर येतं, तेव्हा सील झिजल्यावर जागेवर बदलता येईल असं ठेवा.