मलेरिया पुन्हा उलटतो का? स्लाइड निगेटिव्ह, लक्षणं मात्र तीच

धाकट्या भावासाठी विचारतेय. दोनेक महिन्यांपूर्वी त्याला मलेरिया (व्हायवॅक्स प्रकारचा) झाला होता. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या कोर्सने ताप उतरला. पुढे १४ दिवस प्रायमाक्विन द्यायची होती, त्याआधी जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींमधलं एक एन्झाइम) तपासायला सांगितलं. रक्त दिलं, पण तोवर स्वारी ठणठणीत झाली आणि रिपोर्ट आणायचा राहिलाच.

आता पुन्हा तेच सुरू. दुपारी एकदम हुडहुडी भरते, दोन पांघरुणं घेऊनही दात वाजत असतात. मग ताप १०३ च्या वर. रात्री दरदरून घाम आला की उठून गप्पा मारायला लागतो! मधला दिवस कोरा, की परत थंडी. काल स्लाइड केली, ‘जंतू आढळले नाहीत’. प्लेटलेट ९२,०००. डॉक्टर म्हणतात व्हायरल असेल, थांबून बघू. घरच्यांचं म्हणणं, मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या सुरू करा. काय करावं? आणि नवा डास चावला नसतानाही हे होऊ शकतं का?

काचपट्टी: लॅबमध्ये काम करते म्हणून लिहितेय. एका निगेटिव्ह स्लाइडवर मलेरिया नाही असं म्हणता येत नाही. जंतू कमी असले की सुटतात, पातळ स्मिअरवर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) तर नक्कीच. १२ ते २४ तासांनी परत रक्त द्या, तीन वेळा लागलं तरी द्या. जाड आणि पातळ दोन्ही स्मिअर करायला सांगा, सोबत कार्ड टेस्ट (मलेरियाची झटपट तपासणी). थंडी वाजायची वाट बघत बसायची गरज नाही. आणि मागच्या वेळी मलेरिया झाला होता हे फॉर्मवर लिहाच, बघणारा जास्त वेळ देतो.

निमपान: हो, डास न चावताही होतो. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात निपचित पडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात. क्लोरोक्विन रक्तातले मारतं, यकृतातल्यांना हात लावत नाही. त्यासाठीच प्रायमाक्विन. पण जी-सिक्स-पीडी कमी असेल तर त्या गोळीने रक्तपेशी फुटतात, म्हणून तो रिपोर्ट आधी. जुना मिळाला तर उत्तम, ही कमतरता जन्मजात असते.

उरलेल्या गोळ्या अजिबात नकोत. या वेळी फाल्सिपॅरम (मलेरियाचा दुसरा प्रकार) निघाला तर क्लोरोक्विनवर भरवसा नाही, त्याला आर्टेमिसिनिनवाला एकत्रित कोर्स लागतो. शिवाय अर्धवट डोसाने स्लाइडवरचे जंतू लपतात, निदान लांबतं. तापाला पॅरासिटामॉल द्या. प्लेटलेट कमी आहेत, तेव्हा डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको. बरळणं, झटके, धाप, डोळे पिवळे, लघवी काळपट किंवा फार कमी, काहीच पोटात न टिकणं: यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टसाठी थांबू नका, थेट दवाखान्यात भरती करा.

धागाकर्ती: आज सकाळी परत रक्त दिलं, जाड-पातळ दोन्ही आणि कार्डही. जुना जी-सिक्स-पीडी रिपोर्ट लॅबच्या कॉम्प्युटरवर सापडला, नॉर्मल आहे. डॉक्टरांना दाखवला, स्लाइडवर व्हायवॅक्स आला तर या वेळी १४ दिवस पूर्ण देऊ म्हणाले. काचपट्टी, कार्ड निगेटिव्ह आलं तरी उद्याची स्लाइड करायचीच ना?

काचपट्टी: करायचीच.